‘दुखतं’ म्हणायचं नाही

आमच्या घरात पाऊण वर्ष ‘दुखतं’ या शब्दाला बंदी होती. शिव्यांना नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा शिव्यांचा साठा जुना, फार्सी वळणाचा आणि टिकाऊ होता, त्याला कुणी हात लावला नाही. पण गुडघा, कंबर, मान, खांदा यांतलं काहीही ठणकलं तरी ‘दुखतं’ म्हणायचं नाही. ‘बोलतं’ म्हणायचं. ज्यांनी ही बंदी घातली त्यांना आम्ही हवालदार म्हणत असू.

हवालदार मूळचे घोडेगावकडचे शेतकरी. नगरच्या लष्करी दवाखान्यात वीस वर्षं त्यांनी जायबंदी जवानांचे हातपाय पुन्हा चालते केले होते. पेन्शन घेऊन ते शेवगावात एका खोलीत राहायला आले आणि सायकलवरून घरोघर जाऊन लोकांचे धरलेले सांधे सोडवू लागले. तोवर आमच्या गावाला अंगदुखीवर तीनच उपाय माहीत होते : तेल, शेक आणि ‘होईल हो बरं’. हवालदारांनी चौथा आणला. त्याचं नाव ते अगदी स्वच्छ उच्चारत. बाकी सगळं बोलणं गावाकडचं आणि हा एक शब्द परीटघडीचा.

पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, “काय म्हणालात? फिजूल थेरपी?”

“फिजिओ, भाऊसाहेब.”

“तेच ते,” अण्णा म्हणाले.

अण्णांचा डावा खांदा दिवाळीपासून धरला होता. हात बगलेच्या वर जाईना. सदरा घालताना आई बाही धरून उभी राहायची आणि दोघं एकमेकांना ‘जरा दमानं’ म्हणत भांडायची. मी सत्तावीस वर्षांचा, बाजार समितीत कारकून, बिनलग्नाचा, थोरली बहीण लग्न होऊन सासरी गेलेली, आणि घरातला विनोदी माणूस म्हणून माझी नेमणूक झालेली. सदरा चढवण्यात माझी मदत एवढीच, की मी बाजूला उभा राहून शेरे मारत असे.

हवालदारांच्या सायकलला दोन वस्तू बांधलेल्या असत. एक आडावरच्या कप्पीची धाकटी बहीण, दोरीसकट. दुसरा शाळेत फळ्यावर कोन काढायला असतो तो लाकडी कोनमापक. कप्पी दाराच्या चौकटीला अडकवायची, दोरीचं एक टोक चांगल्या हातात, एक आजारी हातात, आणि चांगल्यानं आजाऱ्याला वर ओढायचं. मग कोनमापक बगलेला लावून कोन मोजायचा. गावातल्या निम्म्या लोकांना ते भूमितीचे मास्तर वाटत आणि त्यांच्या शिकवण्या एवढ्या आजारी माणसांच्याच घरी का, याचं नवल वाटे.

पहिल्याच दिवशी आईनं तिळाचं तेल कोमट करून वाटीत आणून ठेवलं. हवालदारांनी वाटीकडं पाहिलं.

“वैनी, हे भज्यांला ठेवा.”

“चोळायचं नाही?”

“मी मालिशवाला न्हाई. चोळून सांदा सुटत आसता तर समद्या पैलवानांचं सांदं सुटं आसतं.”

“तेल नाही, लेप नाही, शेक नाही,” आई मला आत येऊन म्हणाली, “नुसता दोरीला लटकवून कोन मोजतोय. ह्यांचा खांदा आहे का पतंग?”

तेवढ्यात बाहेर अण्णा ओरडले, “आई गं! दुखतंय हो!”

हवालदारांनी कप्पी काढली, कोनमापक काखोटीला मारला आणि चपला घातल्या. अण्णा हात अर्धवट वर धरून बघतच राहिले.

“उद्याच्याला न्हाई येनार. परवा यीन. तवर सबूद बदला.”

“कुठला शब्द?”

“त्योच. दुखतं म्हनलं की मानूस आंग चोरतो. चोरलं की सांदा धरतो. बोलतं म्हना. बोलतं म्हनलं की ऐकावं लागतं, चोरता येत न्हाई.”

आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी अण्णांनी दात आवळून, साहेबासमोर हिशेब वाचावा तसं सांगितलं, “बोलतोय. बराच बोलतोय.” हवालदार खूश झाले. पुढं त्यांनी पायऱ्याही शिकवल्या. थोडं असेल तर ‘पुटपुटतं’, मग ‘बोलतं’, मग ‘भांडतं’. भांडणाच्या पुढं जायचं नाही. “फुडं काय न्हाई. भांडान लागलं की मी थांबनार, तुमी थांबायचं.”

महिन्याभरात हा शब्द गावभर झाला. आमच्या कचेरीत लोक रजेच्या अर्जात ‘कंबर भांडत असल्यामुळे’ असं लिहू लागले. एका वकिलाच्या बायकोचा घोटा म्हणे फक्त सासू आली की बोलायचा. माझी स्वतःची मान खर्डेघाशीनं ताठली होती, तिच्यावर हवालदारांनी तासातासाला डावीकडं-उजवीकडं वळवण्याचा हुकूम दिला. त्याच आठवड्यात ज्वारीचा एक व्यापारी वजनाची तक्रार घेऊन आला आणि मी त्याच्यासमोर घड्याळ बघून दहा वेळा मान हलवली. त्याचा समज असा झाला, की मी पहिल्या वाक्यापासून नाही म्हणतोय. त्यानं सभापतींकडं माझी तक्रार केली. सभापतींनी मला बोलावलं, तर त्यांचीही मान त्याच वेळी हलत होती.

मग आईचा गुडघा निघाला. कधीचा धरला होता, पण बायका सांगत नाहीत. हवालदार बाईमाणसाच्या अंगाला हात लावत नसत. उंबऱ्यावर आत पाठ करून बसत, आणि घरातलं कुणीतरी त्यांच्या सांगण्यावरून हातपाय वाकवून देई. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे अण्णा. एकतीस वर्षांच्या संसारात अण्णांनी आईचा पाय दिवसाउजेडी हातात धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. आई लाजेनं भिंतीकडं तोंड करून, अण्णा कपाळाला आठ्या घालून, आणि हवालदार रस्त्याकडं बघत हुकूम सोडताहेत.

“टाच धरा, भाऊसाहेब. हळू. सासुरवाडीचं दार लोटताय आसं लोटा.”

“लोटतोय.”

“न्हाई लोटत. मला आवाज न्हाई आला.”

त्यांना म्हणे सांध्याच्या आवाजावरून कोन कळायचा. अण्णांनी पुढं एकदा ताडून पाहण्यासाठी कोनमापक लावला, तर पाच अंशांचासुद्धा फरक निघाला नाही. त्या दिवसापासून अण्णांनी ‘फिजूल’ म्हणणं सोडलं. माझ्यासाठी ते एवढं मोठं होतं, की मी कचेरीत जाऊन सांगितलं.

खांदा सुटत गेला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर हवालदार खडूनं रेघ मारत आणि अण्णांनी बोटांनी भिंत चढत तिथवर जायचं. आषाढात रेघ खुंटीपाशी होती, दसऱ्याला ती खुंटीच्याही वर गेली. अण्णांनी एकट्यानं सदरा घातला, तेव्हा आई रिकाम्या हातानं जरा वेळ उभी राहिली आणि उगाचच कॉलर नीट करून आत गेली.

पुढचं लिहायला मी बरीच वर्षं घेतली.

पौषातली थंडी होती. मी आणि अण्णा बाहेरच्या खोलीत झोपत असू, आई आतल्या. पहाटे पाचच्या सुमाराला अण्णांनी मला हलवलं.

“अरे, खांदा फार बोलतोय रे आज.”

मी डोक्यावरची गोधडी काढली नाही. माझ्यासारख्या माणसाला झोपेतही विनोद सुचतो, हा शाप आहे. मी म्हणालो, “बोलू द्या हो अण्णा. आठला हवालदार येतील, त्यांच्याशीच काय ते बोलू द्या.”

ते पुढं काही म्हणाले नाहीत. मी झोपलो. गाढ झोपलो, हेही सांगून टाकतो.

आठला हवालदार आले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. हवालदारांनी कप्पी काढलीच नाही. अण्णांच्या कपाळावर हात ठेवला, तो ओला झालेला हात स्वतःच्या डोळ्यांपुढं धरून पाहिला. मग डावा हात मनगटाशी धरून सावकाश वर नेला. हात सरळ वर गेला, शेवटच्या रेघेच्याही वर.

“आता ज्यादा हाय का कमी?”

“तेवढंच आहे,” अण्णा म्हणाले.

हवालदारांनी हात खाली आणला. “आता?”

“तेवढंच.”

हवालदार माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. “खांदा हालला आन् दुखनं न्हाई हाललं. हे माझं न्हाई. डाक्तर आना, गाडी आना. पळा!”

‘दुखणं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं, नगरला हलवा म्हणाले. बाजार समितीची जीप मिळाली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो, मागं हवालदार अण्णांना छातीशी धरून. आई घरीच, तिचा पाय जीपच्या पायरीवर चढेना. तिसगाव मागं पडलं. करंजीचा घाट अजून यायचा होता. तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला, अगदी अदबीचा, कचेरीतला.

“हवालदार, आता दुखतं म्हटलं तर चालेल?”

“म्हना, भाऊसाहेब. म्हना की.”

अण्णा म्हणाले. एकदाच. घाट आलाच नाही. आम्ही अलीकडूनच गाडी वळवली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी हवालदार आमच्या दारात आले. सायकलला काही बांधलेलं नव्हतं. आई उंबऱ्याशी उभी राहिली आणि तिनं त्यांना आत घेतलं नाही.

“तुम्ही त्यांना दुखतं म्हणू दिलं नाहीत, हवालदार. म्हणाले असते तर कुणीतरी उठलं असतं. आता आमच्या घरात बोलणारं कुणी उरलं नाही. तुम्ही येऊ नका.”

हवालदारांनी मान खाली घातली. “बरूबर हाय, वैनी,” एवढंच म्हणाले.

मी आईच्या मागं उभा होतो, चार पावलांवर. ‘कुणीतरी उठलं असतं’ हे ऐकत होतो. त्या कुणीतरीला उठवलं होतं, हे मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

त्यानंतर हवालदारांनी एक गोष्ट केली, ती गावाला विचित्र वाटली. ते आपल्या प्रत्येक रोग्याच्या घरी गेले आणि दारातूनच सांगत सुटले, “आजपास्नं दुखतं म्हनायचं. मोठ्यांदा म्हनायचं. मी लावलेला सबूद माघारी घेतला.” कुणी हसलं, कुणी विचारलं, “का हो, सरकारी जीआर आला काय?” वकिलाची बायको म्हणाली, “मला आता बोलतंच म्हणायची सवय झालीय.” तर तिच्यासमोर त्यांनी हात जोडले. “न्हाई ताई. म्हना. माझ्या देखत एकदा म्हना.” ती बिचारी घाबरून ‘दुखतं, दुखतं’ म्हणाली तेव्हा ते हलले. मग कारण कळत गेलं तसं लोकांनी त्यांना बोलावणं थांबवलं. ज्याचा खांदा तीन रेघा राहिला होता तो तीन रेघा तसाच राहिला. होळीच्या आत हवालदारांनी खोली सोडली आणि घोडेगावला भावाकडं गेले.

मी गप्प होतो. दिवसभर कचेरीत थट्टा करत होतो आणि गप्प होतो. ही दोन्ही कामं एकाच वेळी जमतात.

उन्हाळ्यात आईचा गुडघा पुरता धरला. चुलीपुढून उठताना तिला जमिनीवर दोन्ही हात टेकावे लागत. एकदा मी म्हणालो, “हवालदारांना आणू का?”

“त्या माणसाचं नाव काढू नकोस.”

ती भाकरी थापत होती. तिची पाठ माझ्याकडं होती, म्हणूनच मला सांगता आलं. पहाटे अण्णांनी मला उठवलं होतं. खांदा फार बोलतोय म्हणाले होते. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं, शब्द न बदलता.

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“मी जागीच होते,” ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“त्यांचंही ऐकलं, तुझंही ऐकलं. मी उठणारच होते. पण तुझ्या बोलण्यावर ते हसले.”

“अण्णा?”

“हसले रे. नेहमीसारखं, नाकातनं. मला वाटलं, हसताहेत म्हणजे काही नाही. मी कूस बदलली.”

मी विचारलं, “मग हवालदारांना तसं का बोललीस?”

“कुणाला बोलू? तुला?” ती म्हणाली. “या घरात तू एकटा राहिला होतास मला.” मग भाकरी उलटायची राहिली होती ती उलटली, एका बाजूनं करपली होती. “जा. आण त्यांना. मी पाया पडेन म्हणावं. पडता यायला गुडघा वाकला पाहिजे, हेही सांग.”

घोडेगावला मी जनावरांच्या बाजाराच्या दिवशी पोचलो. हवालदार बाजारातच आहेत असं त्यांच्या भावानं सांगितलं. धुळीत, बैलांच्या रांगेत एका खिल्लारी बैलापाशी ते उकिडवे बसले होते. जुवानं बैलाचा खांदा सुजला होता आणि ते तो दोन्ही हातांनी हळूहळू चेपत होते. माणसाला न लावलेलं तेल त्यांनी बैलाला मात्र लावलं होतं.

“या, धाकलं भाऊसाहेब,” वर न बघता म्हणाले. “बाजूला ऱ्हावा. ह्यो दुखलं की लाथ मारतो. लई गुनाचं जनावर. ह्येला कुनी काय शिकवू शकत न्हाई.”

मी तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांचे हात चालू होते.

“किती वाजलं हुतं?”

“पाच.”

“घाम हुता?”

“अंधार होता. मी तोंडावरचं पांघरूणच काढलं नाही.”

“काय म्हनलं भाऊसाहेब? आक्शी तेच सांगा.”

“खांदा फार बोलतोय, म्हणाले.”

“मग माझंच झालं की,” हवालदार म्हणाले. “सबूद कुनाचा?”

“पण ऐकला मी. मी उठायला हवं होतं.”

“दुखतं म्हनलं आसतं तर उठला आसता का नसता?”

“उठलो असतो.”

“मग? माझं हाय ते. तुमी कशापायी वाटनी मागताय?”

“अहो, माझं आहे त्यात!” माझा आवाज चढला. “निम्मं तरी माझं आहे!”

“न्हाई मिळायचं.”

शेजारी बैलांचा व्यापार करणारा एक हेडी पानाला चुना लावत आमच्याकडं बघत होता. तो खांद्यावरचं उपरणं सरसावत जवळ आला. “का वो पावनं, जमंना का सौदा? मी पडू का मधी?” तिथं उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतात. त्यानं खरोखरच उपरणं पसरलं आणि माझा हात धरला. हवालदार हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं, तसा हेडी माझा हात सोडून म्हणाला, “येवढा कुनाचा बैल गेला रं?” आणि लाजून निघून गेला.

मग मी आईचं सांगितलं. ती जागी होती, हे. आणि अण्णा हसले, हे.

हवालदारांचे हात बैलाच्या खांद्यावर थांबले.

“हसले? वैनींनी ऐकलं सोताच्या कानानं?”

“हो. नाकातनं, म्हणाली.”

ते उठून उभे राहिले. हात धोतराला पुसले. आणि माझ्याकडं बघत मोजून काढल्यासारखे बोलले.

“तर मग ऐका. छातीत धरलं आसंल ना, तर मानूस हसत न्हाई. हसूच येत न्हाई. पाचला धरलं नव्हतं. मागनं धरलं. पाचला तुमी डाक्तर आनला आसता, तर त्यो काय म्हनला आसता? खांदा हाय, शेका. घरी जाऊन निजला आसता. तुमचं न्हाई त्यात काय. वैनींचं बी न्हाई. वैनींला सांगा.”

“आणि तुमचं?”

“माझं माझ्यापाशी.”

गुडघ्यासाठी येतो म्हणाले, पण आले नाहीत. आई दोन महिने रोज दाराकडं कान देऊन होती. पुढं दुष्काळ पडला, बाजारात बैल येईनासे झाले, आणि हवालदार कुणीकडं गेले ते त्यांच्या भावालाही सांगता आलं नाही. आईला मी त्यांचा निरोप अक्षरशः सांगितला होता. ती त्यावर सोळा वर्षं जगली. ‘ह्यांना हसू आलं होतं, म्हणजे तेव्हा काही नव्हतं, हवालदारच म्हणाले’, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

आता माझा भाचा डॉक्टर आहे, हृदयाचाच. त्याची बायकोही डॉक्टर आहे. दर दिवाळीला दोघं येतात, चार दिवस राहतात, माझा रक्तदाब बघतात, मीठ कमी करा म्हणून रागावतात. छातीत कळ निघालेल्या माणसाला हसू येतं का, एवढाच प्रश्न आहे. भाचा अर्ध्या मिनिटात उत्तर देईल. गेल्या दिवाळीला तो ओट्यावर एकटा बसला होता, घरात कुणी नव्हतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, घसा साफ केला.

“काय मामा?” तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, चकल्या आणखी आणू का.